नमुना उत्तर नसलेला पेपर

दहावीचा भूगोलाचा पेपर तपासणाऱ्या शिक्षकाच्या हाताशी नमुना उत्तरं असतात. कुठल्या मुद्द्याला अर्धा गुण द्यायचा, कुठल्याला एक, हे आधीच ठरलेलं असतं. त्याने तपासलेले पेपर नियामक पाहतो आणि नियामकाचं काम मुख्य नियामक पाहतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या दोन-चार गुणांवर अन्याय होऊ नये म्हणून ही सगळी साखळी उभी असते. त्याच मुलाने पुढे बारामतीच्या एखाद्या संशोधन केंद्रात नाव नोंदवलं आणि पाच वर्षं खपून अडीचशे पानांचा प्रबंध विद्यापीठात सादर केला, तर तो कोण तपासतं? मार्गदर्शकाखेरीज दोन माणसं, आणि ती बहुधा त्याने कधी पाहिलेलीही नसतात. त्यांच्याकडे नमुना उत्तर नसतं. ते असूच शकत नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर आधीच कुणाला ठाऊक असतं तर त्यावर पीएच.डी. करण्याचं कारणच उरलं नसतं.

जे उत्तर जगात अजून कुणाकडेच नाही, ते बरोबर आहे की चूक हे ठरवायचं कसं? उच्च शिक्षणात यापेक्षा थक्क करणारा प्रश्न मला सापडलेला नाही. आणखी आश्चर्य असं, की आपल्याकडचे बहुतेक प्राध्यापक हे काम कुणीही न शिकवता करू लागतात. एके दिवशी विद्यापीठाचं पत्र येतं, प्रबंध येतो आणि माणूस रेफरी होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाची ७ नोव्हेंबर २०२२ ची पीएच.डी. नियमावली वाचून पाहावी. मार्गदर्शक कोणाला होता येईल, हे तिथे मोजूनमापून लिहिलं आहे. प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असेल तर समीक्षित नियतकालिकांत किमान ५ शोधनिबंध हवेत आणि सहायक प्राध्यापक असेल तर ३. प्राध्यापकाकडे एका वेळी ८ विद्यार्थी, सहयोगीकडे ६, सहायककडे ४. विद्यार्थ्याने किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क करायचा. परीक्षकाबद्दल मात्र थोडक्यात सांगितलं आहे: तो विषयातला तज्ज्ञ असावा, त्याचं प्रकाशित लेखन चांगलं असावं, तो त्याच संस्थेत नोकरीला नसावा आणि शक्य असेल तिथे दोघांपैकी एक परदेशातला असावा. त्याने प्रबंध तपासण्याचं काही शिक्षण घेतलेलं असावं, अशी अट नाही. अधिकार मात्र केवढा! दोघांनीही स्वीकारण्याची शिफारस केली तरच व्हायवा, म्हणजे मौखिक परीक्षा, होते. एकाने नाकारला तर प्रबंध तिसऱ्याकडे जातो, आणि तिसऱ्यानेही नाकारला तर तो बाद होतो.

चांगला परीक्षक नेमकं काय करतो, हे बारामतीच्याच मातीत पाहू.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं. पाण्यापाठोपाठ ऊस आला, पुढे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे साखर कारखाने आले. पण पाण्याबरोबर मीठही वर आलं. जमीन काळी आणि भारी, निचऱ्याची सोय नाही, पाणी मात्र भरपूर. जमिनीच्या पोटातले क्षार पाण्यात विरघळून वर येऊ लागले आणि पाणी उडून गेलं की रानावर पांढरा थर धरू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती.

आता समजा, आज एखाद्या विद्यार्थिनीने कालव्याखालच्या क्षारपड जमिनी आणि उसाचं उत्पादन हा विषय घेतला. तिने उसाच्या साठ शेतांतली माती गोळा केली, सामू मोजला, क्षारता मोजली, शेतकऱ्यांना एकरी टन विचारून घेतले आणि निष्कर्ष मांडला की क्षारांमुळे उत्पादन फारसं घटत नाही. तक्ते नीटनेटके, गणित अचूक, भाषा स्वच्छ. आपण वाचलं तर मान डोलावू. कसलेला परीक्षक मात्र 'उसाची साठ शेतं' या तीन शब्दांपाशी थांबतो. ज्या रानात मीठ इतकं फुटलं की शेतकऱ्याने ऊसच सोडला आणि जमीन पडीक टाकली, ते रान या साठांत येणार कसं? सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या जमिनी अभ्यासाच्या बाहेरच राहिल्या. प्रबंधातला एकही आकडा खोटा नाही. चूक आहे ती न मोजलेल्या शेतांत.

परीक्षकाच्या कामातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. छापलेलं वाचणं सगळ्यांना येतं. न छापलेलं दिसायला मात्र नजर तयार व्हावी लागते.

मग तो पुढचं विचारतो. मातीचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले? उन्हाळ्यात पाणी केशाकर्षणाने वर चढतं आणि मीठ वरच्या थरात सोडून उडून जातं. पावसाळ्यात तेच मीठ धुऊन खाली जातं. एप्रिलमधली माती आणि सप्टेंबरमधली माती शेजारी शेजारी ठेवली तर ती एकाच बांधातली आहे, हे आकड्यांवरून ओळखता येणार नाही. नमुना किती खोलीवरून घेतला? शेतकऱ्याने सांगितलेले टन कारखान्याच्या वजनपावतीशी ताडून पाहिले का? आणि संदर्भसूचीत मान-ताम्हणे आहेत का? नसतील तर तिने शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींशी तुलनेची संधी हातची घालवली आहे.

हे सगळं दिसल्यावर परीक्षक काय लिहितो, यावर त्याची खरी परीक्षा असते. 'निष्कर्ष चुकीचा आहे, प्रबंध नाकारावा' असं एका ओळीत लिहिता येतं. 'प्रबंध समाधानकारक आहे' असंही एका ओळीत लिहिता येतं. दोन्ही वाक्यं लिहायला सारखाच वेळ लागतो आणि विद्यार्थिनीच्या हाती दोन्हींतून काहीच पडत नाही. जाणता परीक्षक लिहितो: शेतं कशी निवडली ते सांगा, ऊस सोडलेल्या जमिनींची गावनिहाय नोंद मिळवून एक परिच्छेद जोडा, आणि निष्कर्ष 'ज्या शेतांत ऊस टिकून आहे तिथे' एवढ्यापुरता मर्यादित ठेवा. एवढ्या दुरुस्तीने प्रबंध वाचतो. नुसता वाचत नाही, खरा होतो. पाच वर्षांची मेहनत राखून त्यातला दावा योग्य मापाचा करणं, हे मला शल्यक्रियेइतकं नाजूक काम वाटतं.

ही नजर उपजत नसते, याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या गेरी मुलिन्स आणि मार्गारेट काइली यांनी ३० अनुभवी परीक्षकांना ते प्रबंध कसा वाचतात हे विचारलं आणि २००२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. पीएच.डी.कडून नोबेलची अपेक्षा ठेवायची नसते, हे त्याच्या शीर्षकातच आहे. त्यांना जे आढळलं ते वाचून विद्यार्थ्यांची अर्धी भीती जाईल. अनुभवी परीक्षक प्रबंध हातात घेतो तो उत्तीर्ण व्हावा या इच्छेने. तो पहिल्या पानापासून सरळ वाचत जाईलच असं नाही. आधी सारांश, प्रस्तावना आणि निष्कर्ष पाहून कामाचा आवाका जोखतो, संदर्भसूचीवर नजर टाकतो आणि मग आत शिरतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्याचं मत बनू लागलेलं असतं. मुद्रणदोष आणि चुकलेले संदर्भ त्याला नुसते खटकत नाहीत. जो संदर्भ लिहिताना निष्काळजी राहिला तो मोजतानाही राहिला असेल का, असा संशय तो घेतो. एका प्रबंधाला त्याचे तीन-चार दिवस जातात, तेही दोन-तीन आठवड्यांत विभागून.

आणि नवखा परीक्षक? तो अनुभवी माणसापेक्षा कडक असतो. हे समजण्यासारखं आहे. त्याने जवळून पाहिलेला प्रबंध एकच, स्वतःचा. स्वतःच्या प्रबंधावर घालवलेली वर्षं ताजी असतात, आणि समोरचा प्रबंध तो त्याच मापाने मोजतो. वीस प्रबंध वाचलेल्या माणसाला 'पुरेसं चांगलं' कुठे संपतं आणि 'अपुरं' कुठे सुरू होतं, हे कळलेलं असतं. म्हणजे पहिल्या काही विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो तो परीक्षकाचा शिकाऊ काळ. याच कारणासाठी मला परीक्षकांचं प्रशिक्षण चैनीचं वाटत नाही. त्याची किंमत आज कुणीतरी भरतंच आहे, आणि ती विद्यार्थी भरतो आहे.

परीक्षकाला आणखी एक कठीण गोष्ट शिकावी लागते: न पटणाऱ्या प्रबंधाला न्याय देणं. याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध पहिल्या खेपेला मान्य झाला नाही. त्यांनी तो ऑगस्ट १९२३ मध्ये पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला. वर्ष संपायच्या आत लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने त्याचं पुस्तक काढलं. त्याची प्रस्तावना लिहिली त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी. ती प्रस्तावना वाचून मी चकित झालो होतो. सुवर्ण विनिमय पद्धतीला आंबेडकरांचा जो विरोध आहे तो आपल्याला मान्य नाही, त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असं कॅनन उघड सांगतात. आणि त्याच दमात म्हणतात, की जिथे ते चुकले असं वाटलं तिथेही त्यांच्या विचारांतल्या ताजेपणाने मला विचार करायला लावलं. निष्कर्षाशी वाद, पण कामाबद्दल आदर. हे दोन्ही एकाच मनात ठेवता येणं म्हणजे परीक्षकाची परिपक्वता. गेली शंभर वर्षं जग कोणाचा ग्रंथ वाचत आलं आहे, हे वेगळं सांगायला नको.

विद्येची परीक्षा घेणाऱ्यांची आपल्याकडे जुनी परंपराही होती. पेशवाईत दर श्रावणात पुण्याला पर्वतीपाशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. लांबलांबहून विद्वान येत, नामांकित शास्त्री त्यांची परीक्षा घेत आणि विद्वत्तेच्या प्रतीप्रमाणे रक्कम ठरे. बारामतीत मोरोपंत आर्या रचत होते तोच हा काळ. ती परीक्षा फक्त ब्राह्मणांपुरती होती, त्यामुळे ती आदर्श म्हणून सांगता येत नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा आटवत नेली आणि पुढे तिचा काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. तरी तिच्यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथला परीक्षक हा आधी वर्षानुवर्षं सभांत बसून इतरांना प्रश्न विचारताना पाहिलेला माणूस असे. कोणता प्रश्न सरळ आहे, कोणता फसवा, उत्तर अडलं की किती थांबायचं, हे तो बघून शिकलेला असे.

आज नेमकं तेच हरवलं आहे. शिकवताना आपल्याला सहकारी पाहतात, प्रयोगशाळेत पाहतात, परिषदेत पाहतात. प्रबंध मात्र परीक्षक घरी, रात्री, एकटा वाचतो. त्याचा अहवाल गोपनीय लखोट्यातून किंवा ईमेलने जातो. दुसरा परीक्षक तोच प्रबंध वाचून काय म्हणाला, याचा पत्ता त्याला बहुधा नंतर लागतो. एवढं जबाबदारीचं काम इतक्या एकांतात होतं आणि म्हणूनच ते एकाकडून दुसऱ्याकडे पोचत नाही.

काही देशांनी हा एकांत मोडायच्या सुंदर रीती काढल्या आहेत. स्वीडनमध्ये प्रबंध चर्चेच्या तीन आठवडे आधी सार्वजनिक फलकावर अक्षरशः खिळ्याने ठोकतात, म्हणजे कोणीही वाचावा आणि तयारीने यावं. तिथे आणि फिनलंडमध्ये प्रबंधाची उलटतपासणी करणाऱ्याला विरोधक म्हणतात. तो भर सभेत प्रबंधावर तासन्‌तास प्रश्न विचारतो. नेदरलँड्समध्ये प्रश्नोत्तरं ठरलेल्या वेळेत चालतात. वेळ संपली की हातात दंड घेतलेला विद्यापीठाचा अधिकारी आत येऊन तसं लॅटिनमध्ये जाहीर करतो आणि वाक्य अर्धं असलं तरी थांबावं लागतं. उलट ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ मौखिक परीक्षाच नव्हती, सगळा निर्णय लेखी अहवालांवर होई. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं नव्या परीक्षकांसाठी कार्यशाळा घेतात, त्यांना जाणत्या परीक्षकाच्या जोडीने बसवतात.

मग बारामती-इंदापुरात हे कसं करता येईल? मला तर ही जागा या कामासाठी घडवल्यासारखी वाटते. १९६२ मध्ये सुरू झालेलं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ पासूनचं विद्या प्रतिष्ठान, इंदापूरचं कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय. शिवाय माळेगावला कृषी विज्ञान केंद्र आणि २००९ मध्ये खडकाळ माळावर उभी राहिलेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, जिचा विषयच दुष्काळ, क्षार आणि उष्णता. मराठीचे, वाणिज्याचे, मृदाशास्त्राचे अभ्यासक तासाभराच्या अंतरात आहेत. साहित्यही फुकट आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले लाखो प्रबंध खुले आहेत.

शोधगंगेवरून एक प्रबंध घ्यावा. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर येणाऱ्या पक्ष्यांसारखा विषय असला तर सगळ्यांनाच रस वाटेल. पाच-सहा प्राध्यापकांनी तो आपापल्या घरी वाचावा आणि प्रत्येकाने एकमेकांना न विचारता दोन पानी अहवाल लिहावा. मग एका शनिवारी हे अहवाल टेबलावर ठेवावेत. एकाला जे मान्य आहे ते दुसऱ्याने नाकारलेलं निघेल. रोहित पक्षी मोजले ते काठावरून की होडीतून, सकाळी की संध्याकाळी, तोच थवा दोनदा मोजला गेला नाही याची खात्री काय, हे एकालाच सुचलेलं असेल. मराठीच्या प्राध्यापकाने दाखवलेली प्रस्तावनेतली विसंगती प्राणिशास्त्रवाल्यांच्या नजरेतून निसटलेली असेल. 'पुरेसं' म्हणजे किती, हे त्या टेबलाभोवती हळूहळू ठरत जातं. कागदावरच्या कुठल्याही निकषपत्रिकेने ते ठरत नाही.

मजकुराची चोरी ओळखणंही तिथेच शिकावं. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करायचं, ६० पर्यंत एक वर्ष थांबायचं, त्यापुढे नोंदणीच रद्द. आकडा सॉफ्टवेअर काढून देतं. पण इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवून घेतलं असेल तर शब्द जुळवणाऱ्या यंत्राच्या हातून ते बहुतेकदा सुटतं. ते पकडतो तो मूळ पुस्तक वाचलेला माणूस. मराठीतल्या प्रबंधांचं परीक्षण म्हणूनच जास्त जोखमीचं आहे. संदर्भसूचीतले कुठलेही पाच संदर्भ काढून प्रत्यक्ष उघडून पाहायची सवय प्रत्येक परीक्षकाला असायला हवी. आता यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेली पुस्तकं सापडतात, तेव्हा तर ती हवीच.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. प्रबंध आपल्या विषयाचा नसेल किंवा मार्गदर्शक आपला जवळचा असेल, तर तो आठवड्याच्या आत परत करायला हवा. सादर झाल्यापासून सहा महिन्यांत सगळं पुरं व्हावं असं नियम म्हणतो, आणि न वाचता टेबलावर पडलेला प्रबंध त्यातले तीन महिने सहज खातो.

व्हायवेची तालीम मात्र बोलूनच करावी लागते. नियमाप्रमाणे व्हायवा खुली असते, त्यामुळे तरुण प्राध्यापकांनी पेढ्यांच्या वेळेला न येता पहिल्या प्रश्नाच्या आधी येऊन बसावं. कोणता परीक्षक आधी सोपा प्रश्न विचारून उमेदवाराचा घसा मोकळा करतो, कोणता स्वतःचंच भाषण करतो, हे दिसतं. मग आपसात तालीम करावी. वर सांगितलेली क्षारांची विद्यार्थिनी समोर बसवावी आणि परीक्षकाच्या खुर्चीत कालव्याचा गंध नसलेला, इतिहासाचा किंवा संगणकाचा प्राध्यापक बसवावा. तो विचारेल, "मॅडम, तुम्ही सारखं आवर्तन म्हणताय. आवर्तन म्हणजे काय?" ती सांगेल, "सर, कालव्याला पाणी कायम नसतं, ठरावीक दिवस सोडतात आणि मग बंद करतात. वरच्या अंगाच्या शेतांना ते आधी आणि भरपूर मिळतं, टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला इंदापूरकडे, पोचेपर्यंत उशीर होतो आणि कमीही पडतं." मग तो सहज विचारेल, "म्हणजे वरच्या शेतांत पाणी जास्त साठतं? तर तुमची साठ शेतं वरची आहेत की टेलची?" हा प्रश्न मृदाशास्त्रज्ञाला इतका ओळखीचा असतो की तो विचारायचा राहून जातो. विद्यार्थिनी वही चाळते, गावांची नावं मोजते आणि सांगते की चाळीस वरची आहेत, वीस टेलची. अहवालात लिहायचं ते एवढंच: ही विभागणी तिसऱ्या प्रकरणात तक्ता करून द्यावी आणि दोन्ही गटांची क्षारता वेगवेगळी मांडावी.